पट्टी आज बंद आहे

ज्ञानेश्वरी दोरकरला विमानतळावर धाडलं ते शिक्षा म्हणून.

त्याआधी ती आडबंदरच्या नगरपंचायतीत पाणीपुरवठा विभागात होती. खारवीवाड्यातल्या विहिरीला खारं पाणी लागलं होतं आणि 'पाणी पिण्यायोग्य आहे' अशा कागदावर तिची सही हवी होती. ती नाही म्हणाली. आरडाओरडा केला नाही, पेपरात गेली नाही. नुसतं म्हणाली, "हे पाणी साहेबांनी आधी एक तांब्या प्यावं, मग मी सही करते." पुढच्याच आठवड्यात ऑर्डर निघाली. पद होतं विमानतळ अधीक्षक.

कचेरीत हशा पिकला. आडबंदरला विमानतळ आहे हेच लोक विसरून गेले होते. रत्नागिरीहून एसटीने तासाभरावरचं हे गाव, खाली खाडी आणि वर कातळाचा उघडा सडा. फार वर्षांपूर्वी एका खाण कंपनीने आपल्या साहेबलोकांची छोटी विमानं उतरावीत म्हणून सड्यावर धावपट्टी बांधली होती. खाण बंद पडली. कंपनीने गाशा गुंडाळला आणि जाताना ही पट्टी गावाच्या गळ्यात मारली. तेव्हापासून नगरपंचायतीच्या मालमत्तेच्या यादीत मच्छीमार्केट, स्मशानशेड आणि विमानतळ अशा तीन वस्तू एकाखाली एक मांडलेल्या असायच्या, आणि तिघांकडेही सारखंच दुर्लक्ष असायचं.

ज्ञानेश्वरी रुजू व्हायला गेली तेव्हा पट्टीच्या एका टोकाला बायकांनी कोकमाची सोलं वाळत घातली होती. मधे एक मास्तर कुणाला तरी मारुती गाडी शिकवत होता. पलीकडे गुरं बसली होती, तापल्या डांबरावर निवांत रवंथ करत. आत्माराम नावाचा साठीकडे झुकलेला माणूस तिथला पहारेकरी आणि आगीच्या बंबाचा ड्रायव्हरही. तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, "बाई, तुमचं कोणाशी वाकडं आलं?"

टर्मिनल म्हणजे दोन खोल्या. बायकांच्या संडासाला कुलूप होतं, कारण आत सिमेंटची पोती ठेवली होती. किल्ली नगराध्यक्षांच्या माणसाकडे होती आणि त्याचा फोन लागत नव्हता. दुपारी ज्ञानेश्वरीला करवंदीच्या जाळीआड जावं लागलं. एक सरकारी बाई, वीस वर्षं नोकरी झालेली, काट्यांतून पदर सोडवत बाहेर आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते रडण्याचं नव्हतं. शिक्षा म्हणून पाठवलंय काय? बघतेच.

तिचा नवरा लवू मालबोटीवर इंजिनाला तेलपाणी करणारा ऑइलर होता. वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मूलबाळ नव्हतं. घरी लवकर जायची घाई तिला कधीच नसायची, आणि ह्याचा त्रास नगरपंचायतीला सोसावा लागला. काही मागायला गेली की 'निधी नाही' असं उत्तर ठरलेलं असायचं. मग ती मुख्याधिकाऱ्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसायची. तिथेच जेवायची. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मॅडम, इथे?" ती सांगायची, "विमानतळाच्या संडासाची किल्ली मागायला आलेय." हे मोठ्याने सांगायची. दोन दिवसांत किल्ली आली.

असंच एकेक. गुरं शिरायची तिथला पडका जांभ्याचा गडगा पुन्हा रचून घेतला. बंबाला बॅटरी आली, टायर आले. वाऱ्याची दिशा दाखवणारा केशरी विंडसॉक फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. तो बाहेरून मागवायचा तर वर्ष गेलं असतं, म्हणून होड्यांच्या ताडपत्र्या शिवणाऱ्याला जुना नमुना दाखवून तिने नवा शिवून घेतला. मारुती शिकवणाऱ्या मास्तरला हाकलून दिलं. तो नगराध्यक्षांचा नातेवाईक निघाला, म्हणून दुसऱ्यांदाही हाकलून दिलं. कोकमवाल्या बायकांना मात्र हाकललं नाही. खाण कंपनीचं गाड्या लावायचं सिमेंटचं अंगण कुंपणाबाहेर पडून होतं, ते झाडून दिलं. "ऊन इथेपण तेवढंच आहे," म्हणाली. बायका कुरकुरत गेल्या आणि चार दिवसांत त्यांना तीच जागा आवडली.

आत्माराम आधी गंमत बघत होता. मग एक दिवस न सांगता तोच बंब धुवायला लागला.

आणि मग विमान आलं. एका मच्छीमार बोटीवर गॅसचा सिलिंडर फुटला आणि दोन खलाशी भाजले. एकाला रत्नागिरीत ठेवून घेतलं. दुसऱ्याला मुंबईला तातडीने न्यायला हवं होतं, आणि घाटातल्या खड्ड्यांतून तो पोचेल ह्याची डॉक्टरांना खात्री नव्हती. आडबंदरची पट्टी आता बरी आहे, असं कुणीतरी सांगितलं. दुपारी रुग्णांना नेणारं छोटं विमान सड्यावर उतरलं. आत्मारामने बंब सज्ज ठेवला होता. ज्ञानेश्वरी हातातल्या रेडिओवरून वाऱ्याची दिशा सांगत होती. खलाशी वाचला. तो खारवीवाड्यातलाच, तिच्या मावशीच्या शेजारचा.

विमान परत उडायच्या आधी वैमानिक खाली उतरली. वेदिका तिचं नाव, तिशीचीही नसेल. पट्टीच्या पश्चिम टोकाकडे बोट करून ती म्हणाली, "ताई, पट्टी चांगली ठेवलीत. पण ते काय आहे?"

ज्ञानेश्वरीने बघितलं नाही तरी तिला ठाऊक होतं. गडग्याच्या पलीकडे गावाचा कचरा पडायचा. सगळ्या गावाचा. हॉटेलांचं उष्टं, कोंबडीच्या दुकानांतली पिसं आणि आतडी, लग्नाच्या हॉलमधलं शिळं, मासळी बाजारातली खवलं आणि डोकी. त्याच्यावर घारी. घिरट्या घालणाऱ्या, बसलेल्या, भांडणाऱ्या, बघावं तेव्हा आभाळ करडं करून सोडणाऱ्या. खाली गायबगळे आणि कावळे.

"उतरताना एक घार पंख्याला चाटून गेली," वेदिका म्हणाली. "आत गेली असती तर आम्ही सगळे त्या कचऱ्यातच असतो आणि तुमचा पेशंट इथेच. आज नशीब."

ती हसून बोलली होती, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. ज्ञानेश्वरीच्या मनात राग उभा राहिला तो तिथे. विमानतळ नगरपंचायतीचा आणि कचराही नगरपंचायतीचाच. विमानतळाजवळ उघड्यावर कचरा टाकू नये असा कायदा आहे, आणि कायदा मोडणारं आपलंच घर. परक्याशी भांडायचं असतं तर सोपं होतं.

विमान उतरल्याचा फोटो चौकात लागला. फोटोत नगराध्यक्ष गौरवभाऊ विमानाकडे हात करून उभे होते. विमान आलं त्या दिवशी ते चिपळूणला एका लग्नात होते, तरी फोटोत होते. खाली मजकूर होता, 'आडबंदरची गगनभरारी'. थोड्याच दिवसांत त्या विमान कंपनीने विचारणा केली. नऊ माणसांचं विमान, आठवड्यातून तीनदा मुंबई. तपासणी करणारे लोक येऊन गेले. त्यांनीही तेच सांगितलं. बाकी सगळं होईल, आधी कचरा हलवा.

ज्ञानेश्वरीने अहवाल दिला. त्यात कचऱ्यात काय काय असतं ते सगळं लिहिलं. हॉटेलं, कोंबडीवाले, हॉल, मासळी बाजार. काहीही झाकलं नाही. कचऱ्यावर प्रक्रिया करायची शेड गावात होतीच. खाडीच्या वरच्या अंगाला, मोठी, पत्र्याची. दोन वर्षांपूर्वी फीत कापून तिचं उद्घाटन झालं होतं. ती सुरू करा म्हणजे झालं, एवढंच तिने मागितलं होतं.

पंधरवड्याने उत्तर आलं, पण ते तिच्या टेबलावर आलं नाही. मासळी बाजाराच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं.

आत्माराम बाजारात गेला होता, त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. विमानतळ अधीक्षक श्रीमती दोरकर यांच्या अहवालानुसार मासळी बाजारातील कचऱ्यामुळे विमान वाहतुकीस धोका निर्माण झाला आहे. सबब पुढील महिन्याच्या एक तारखेपासून बाजार बंद करण्यात येत असून, विक्रेत्या महिलांनी आपले ओटे रिकामे करावेत.

हॉटेलांचं नाव नाही. कोंबडीवाल्यांचं नाही. हॉलचं नाही. आणि तिचं नाव मात्र ठसठशीत.

त्या बाजारात तिसऱ्या ओट्यावर तिची आई बसायची. कमळाबाई. नवरा गेल्यानंतर ह्याच ओट्यावर बांगडे आणि सौंदाळे विकून तिने मुलीला रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवलं होतं.

ज्ञानेश्वरी तशीच उठली आणि बाजारात गेली. ती आत शिरली आणि बायकांचं बोलणं थांबलं. लहानपणी जिच्या कडेवर बसली होती, त्या बाईनेसुद्धा मान फिरवली. कमळाबाई एका गिऱ्हाईकासाठी सुरमईचे तुकडे करत होती. तिने वर बघितलं नाही.

"आये," ज्ञानेश्वरी म्हणाली.

कमळाबाईने कोयता पुसला. मग मुलीकडे बघून, अगदी अनोळखी बाईशी बोलावं तसं म्हणाली, "तुमाला काय होवं, बाई? सुरमई हाय, कोलंबी हाय."

"आये, मी असं लिहिलं नव्हतं."

"घ्यायचं नसंल तर बाजूला व्हा. गिऱ्हाईक खोळंबलंय."

भर बाजारात थोबाडीत मारली असती तरी परवडलं असतं. ज्ञानेश्वरी परत फिरली ती थेट कचेरीत. मुख्याधिकारी ओमकार साहेब तरुण होते, देशावरचे, बोलायला गोड. कुणालाही 'बसा' म्हटल्याशिवाय 'नाही' म्हणत नसत.

"बसा मॅडम."

"नको. ही नोटीस काय आहे?"

"तुमच्याच अहवालावर कार्यवाही केली. तुम्हीच पाठपुरावा करत होतात ना?"

"मी कचरा हलवा लिहिलं. बाजार हलवा कुठे लिहिलंय?"

"मूळ कारणावर उपाय करावा लागतो, मॅडम. अहवालात मासळी बाजाराचा उल्लेख आहे."

"हॉटेलांचाही आहे. लग्नाच्या हॉलमधल्या जेवणांचं उष्टंही तिथेच पडतं. मग हॉटेलं बंद करणार? जेवणं बंद करणार?"

ओमकार साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं. "व्यवहार्य मार्ग बघावा लागतो. वीस-पंचवीस बायका आहेत, त्यांची पर्यायी व्यवस्था..."

"कुठे?"

"विचाराधीन आहे."

"आणि शेड? शेड का नाही सुरू करत?"

साहेब पहिल्यांदाच खिडकीबाहेर बघायला लागले. "तांत्रिक अडचणी आहेत," म्हणाले.

तांत्रिक अडचण बघायला ती आत्मारामला घेऊन त्याच संध्याकाळी शेडकडे गेली. दाराला कुलूप होतं, पण मागचा एक पत्रा वाऱ्याने उचकटला होता. आत डोकावली. यंत्र होतं, कोपऱ्यात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं, त्याच्यावर अजून उद्घाटनाचा सुकलेला हार. बाकी अख्खी शेड खुर्च्यांनी भरली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, थरांवर थर, मंडपाचे बांबू, झालरी, गालिचे आणि नवरा-नवरीला बसवायची लाल मखमलीची दोन सिंहासनं. प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर नाव छापलेलं, 'गौरव मंडप डेकोरेटर्स'.

आत्मारामनेही वाकून आत बघितलं. मग म्हणाला, "बाई, चला. इथे उभं राहून डोकं फुटंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा बाजारात गेली. ह्या वेळी ती विनवायला गेली नव्हती. मधोमध उभी राहून म्हणाली, "तुमच्या पोटावर पाय कशासाठी येतोय ते मला दाखवायचंय. कुणी यायचंय ते या."

कुणी हललं नाही. मग कमळाबाईने मासळीवर ओलं गोणपाट टाकलं आणि कमरेवर हात देऊन उठली. "बगू तरी काय दाखवतंय," म्हणाली, मुलीला नव्हे, शेजारणीला. ती उठली तशा बाकीच्याही उठल्या.

शेडच्या मागच्या पत्र्यातून एकेक बाई आत शिरली. सगळ्यांनी बघून घेतलं. कमळाबाई त्या लाल सिंहासनाजवळ गेली, मखमलीवरून हात फिरवला आणि मासळीच्या पाण्याने ओल्या झालेल्या लुगड्यानिशी त्याच्यावर ऐसपैस बसली.

"म्हंजे आमी रस्त्यावर जायाचं," ती म्हणाली, "आनि ह्या खुर्च्यांनी सावलीत ऱ्हायाचं."

कुणीतरी हसलं. पण ते हसू लगेच विरलं आणि त्याच्या जागी दुसरंच काही आलं. त्या दिवशी बायका कचेरीवर गेल्या. साहेब मीटिंगला होते. दुसऱ्या दिवशी गेल्या, साहेब रत्नागिरीला होते. नोटीस भिंतीवर तशीच राहिली.

कमळाबाई अजून मुलीशी बोलत नव्हती. पण संध्याकाळी शेजारणीच्या हाती डब्यातून कालवण येऊ लागलं.

इकडे गौरवभाऊंना घाई झाली होती. निवडणूक जवळ आली होती आणि त्याआधी त्यांना आकाशातून विमान उतरवून दाखवायचं होतं. विमान कंपनीला त्यांनी सांगितलं, कचऱ्याचं काम झालं, चाचणीसाठी विमान पाठवा. कार्यक्रम ठरला. पट्टीच्या कडेला मंडप पडला, शेडमधल्या खुर्च्या बाहेर आल्या, दोन्ही सिंहासनंसुद्धा. आदल्या दिवशी कचऱ्याच्या ढिगावर चार डंपर तांबडी माती ओतली आणि वरून रोलर फिरवला. लांबून बघणाऱ्याला वाटावं, मैदान केलंय. त्या दिवसापुरता बाजारही सक्तीने बंद ठेवायला लावला. दाराशी पोलीस उभा केला. कार्यकर्त्यांसाठी रात्री कोंबडीचं जेवण झालं, आणि त्याचं जे काही उरलं ते नेहमीच्याच जागी, नव्या मातीवर, टेम्पोतून पालथं झालं. सवय ती सवय.

सकाळी ज्ञानेश्वरी पट्टीवर गेली तर घारी नेहमीपेक्षा जास्त. तांबड्या मातीवर त्यांची जत्रा भरली होती. गावात मासळीचं एक खवलं पडलं नव्हतं आणि घारी मात्र झाडून सगळ्या हजर.

तिने ओमकार साहेबांना मंडपाबाहेर गाठलं. "साहेब, हे बघा. बाजार बंद आहे ना आज? मग हे काय आहे?"

साहेबांनी बघितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण मागे वळून त्यांनी मंडपाकडेही बघितलं. "मॅडम, आजचा दिवस निभावून न्या. फटाके लावा, उडतील."

"उडतील आणि कुठे जातील?"

"प्लीज, मॅडम."

फटाके लावले. गौरवभाऊंच्या माणसांनी मोठ्या हौसेने लांबलचक माळ लावली. घारी एकदम उठल्या, आभाळात चक्राकार फिरल्या आणि धूर निवळेपर्यंत मोकळ्या जागेवर उतरून बसल्या. मोकळी जागा म्हणजे धावपट्टी. गायबगळे तर थेट मधल्या पांढऱ्या रेघेवर रांगेने उभे राहिले.

तेवढ्यात रेडिओ खरखरला. वेदिकाचा आवाज. जवळ आलेय, पट्टीची स्थिती सांगा.

ज्ञानेश्वरीने एकवार मंडपाकडे बघितलं. बँडवाले तुताऱ्या पुसत होते. पहिल्या रांगेत गावातले व्यापारी, मागे शाळेतली पोरं झेंडे घेऊन. मग तिने बटण दाबलं.

"पट्टीवर पक्षी आहेत. खूप आहेत. पट्टी आज बंद आहे. उतरू नका, परत जा."

"नक्की?"

"नक्की. मी अधीक्षक बोलतेय. पट्टी बंद."

गौरवभाऊ धावत आले. पांढरा सदरा, कपाळाला गंध. "काय बोललात तुम्ही? कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं होतं?"

"मला. मी अध्यक्ष आहे ह्या गावचा."

"मग अध्यक्षांनी पट्टीवर चालत जाऊन बघावं किती घारी आहेत ते."

"तो रेडिओ इकडे द्या."

तिने रेडिओ पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन लावली. "आत्माराम," ती म्हणाली, "बंब पट्टीच्या मधे उभा कर."

आत्माराम तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. गौरवभाऊ त्याला म्हणाले, "आत्माराम, विचार कर." आत्मारामने तो केला असावा, कारण पुढचं सगळं त्याने अगदी सावकाश केलं. बंबात चढला, बंब हळूहळू मधोमध नेला, लाल दिवा लावला, चावी काढून खिशात ठेवली आणि खाली उतरून बंबाच्या सावलीत बसला.

विमान वरून गेलं. खाली यायला लागलंय असं समजून, कुणी 'वाजवा' म्हणायच्या आतच बँडने सलामी सुरू केली. विमान सड्यावरून एक फेरी मारून समुद्राकडे वळलं आणि लहान होत दिसेनासं झालं. बँड मात्र कडवं पूर्ण करून थांबला.

दुपारी ज्ञानेश्वरी निलंबित झाली. तिने गावाचं नाक कापलं, असं गाव म्हणालं. तिला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे. गौरवभाऊंकडून तिला वेगळी अपेक्षाच नव्हती. पण दुकानदार, बँकेतला कॅशियर, तिच्या इमारतीतले लोक, ज्यांची मुलं उद्या त्याच विमानात बसणार होती, ते म्हणत होते, एवढं काय होतं, एक दिवस चालवून घ्यायचं. चालवून घ्यायचं! विहिरीचं पाणी चालवून घ्यायचं, संडासाचं कुलूप चालवून घ्यायचं, आणि विमान पडलं की मेणबत्त्या घेऊन चौकात उभं राहायचं. जिन्यात कुणी तिला टाळलं की ती मुद्दाम थांबायची आणि विचारायची, "काय, बरं आहे ना?" आणि समोरच्याला उत्तर द्यायला लावायची.

त्या संध्याकाळी कमळाबाई आली. दारातच चपला काढून आत बसली. पदराने घाम पुसला.

"बंबवाल्याची नोकरी गेली काय?" तिने विचारलं.

"नाही. त्याला नोटीस आलीय. मी लेखी दिलंय, माझ्या हुकमाने केलं म्हणून."

"बरं केलंस." मग थांबून म्हणाली, "मला तवाच कळाया होवं होतं. तू लिवलंस ते येक, आनि त्यांनी वाचलं ते दुसरं."

"आता काय करायचं, आये?"

"तुजं तू बग. आमी उद्यापासून शेडच्या दारात बसणार. मासळी तितंच इकणार. गिऱ्हाईक येतं का नाय ते बगतंय."

आणि बसल्या. तांबड्या रस्त्याच्या कडेला, पाट्या मांडून, सकाळपासून. गिऱ्हाईक आलं. आडबंदरचा माणूस अध्यक्षावाचून राहील, मासळीवाचून राहायचा नाही. येणारा प्रत्येक जण मासळीबरोबर उचकटलेल्या पत्र्यातून आतल्या खुर्च्याही बघून जाऊ लागला. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं आणि ते मोबाइलवरून गावोगाव गेलं. त्यातच विमान कंपनीने कळवलं की कचरा खरोखर हलल्याशिवाय आणि आमच्या माणसांनी बघितल्याशिवाय विमान येणार नाही.

मग एका सकाळी शेड रिकामी झाली. यंत्रावरचा प्लास्टिकचा कागद निघाला. गौरवभाऊंनी स्वतः हातात खराटा घेऊन फोटो काढून घेतला आणि चौकात फलक लागला, 'स्वच्छ आडबंदर, अध्यक्षांचा ध्यास'. ढीग उपसायला उन्हाळा गेला. घारी पांगल्या, सगळ्या नाही, पण पांगल्या. पावसाळा सरल्यावर विमान सुरू झालं. पहिल्या विमानातून गौरवभाऊ उतरले.

बाजाराची नोटीस रद्द झाली नाही. ती 'स्थगित' झाली. म्हणजे बायका ओट्यांवर परत बसल्या, पण केव्हाही उठवता येतील अशा. ज्ञानेश्वरीची चौकशी झाली. दोष सापडला नाही, तेव्हा तिला कामावर घेतलं आणि त्याच दिवशी तिची मंडणगडला बदली केली. जिल्ह्याच्या पार वरच्या टोकाला. ऑर्डरमध्ये 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलं होतं.

निरोपाचा समारंभ ठेवला होता. ओमकार साहेब मनापासून चांगलं बोलले. बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. गौरवभाऊ शाल आणि नारळ घेऊन पुढे आले.

ज्ञानेश्वरीने हात पुढे केले नाहीत. "शाल नको," म्हणाली. "बाजाराची नोटीस रद्द केल्याचं पत्र द्या. ते मी दोन्ही हातांनी घेईन."

गौरवभाऊ हसले. राजकारणातल्या माणसाला हसता येतंच. "ते बघू हो, ताई. आज आनंदाचा दिवस आहे."

"मग नारळही राहू दे."

ती खाली उतरली. मागून टाळ्या आल्या नाहीत. पण शेवटच्या रांगेतून आत्माराम उठला आणि तिच्याबरोबर बाहेर आला. त्याच्या पाठोपाठ पाणी विभागातल्या दोघीजणी आल्या. बाकीचे बसून राहिले. चहा-वडा होता.

एसटी स्टँडवर कमळाबाई डबा घेऊन उभी होती. तळलेली सुरमई, भाकरी, सोलकढीची बाटली.

"शाल नको म्हनलीस असं आयकलं," ती म्हणाली.

"कुणी सांगितलं?"

"गाव लांब हाय काय? पण घ्यायची व्हतीस. मंडनगडला हिवाळ्यात गारठा पडतो म्हनं."

"आये!"

"नाय, आपलं म्हनलं. मी दुसरी देईन." मग मुलीच्या खांद्यावरची पर्स उगाचच सारखी करत ती म्हणाली, "नोटिशीचं आमी बगतो. तू तकडचं बग."

गाडी सुटली. खिडकीजवळची जागा मिळाली होती. सड्याच्या बाजूने गाडी वर चढत असताना ते नऊ माणसांचं विमान डोक्यावरून गेलं, खाली येत, पंखे गरगरत, अगदी सरळ रेषेत. गाडीतल्या लोकांनी माना बाहेर काढल्या. एका बाईने पोराला उचलून दाखवलं. ज्ञानेश्वरीनेही बघितलं. वाटेत एकही घार नव्हती. छाती भरून आली आणि त्याच क्षणी तो जुना संतापही, दोन्ही एकदम, कुठलं कुठे संपतं ते कळू नये असे.

कंडक्टर तिकिटं फाडत जवळ आला. तोही खिडकीतून बघत होता. "बघा बाई," म्हणाला, "आमच्या अध्यक्षांनी आणलंन हो हे. नायतर आडबंदरला कोण विचारतंय?"

ज्ञानेश्वरीने पैसे दिले, तिकीट घेतलं. मग शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि जागा मोकळी केली.

"तुमची तिकिटं देऊन झाली की इथे येऊन बसा," ती म्हणाली. "कोणी आणलं ते सांगते. मंडणगड अजून लांब आहे."